तुरुपाचं कूळ

तणतणत आलेल्या माणसाला आधी बसवावे, समजावणे मागाहून, असा एका आचार्यांचा रिवाज होता. एके सकाळी त्यांचा शिष्य विश्वंभर असाच तणतणत आला. त्याच्या धाकट्या बहिणीने, कुमुदने, आपल्या मनाने मुलगा पसंत केला होता. मुलगा सज्जन, कमावता; पण आजोबा सुरतेचे, वडील वाढले हुबळीला आणि आता बिऱ्हाड इथे.

"ना मूळ, ना कूळ! गुरुजी, तुम्ही 'नको' म्हणा, म्हणजे ती ऐकेल," विश्वंभर म्हणाला. बहिणीने अबोला धरला होता आणि तो त्याला मनातून फार लागला होता.

आचार्यांनी पत्त्यांचा जोड काढला. "बस. सात-आठचा डाव होऊ दे."

आता या माणसाला काय म्हणावे! पण गुरूपुढे बोलणार कोण? पहिली पाने पाहून विश्वंभर बदामाचा तुरूप, म्हणजे हुकूम, बोलला. आचार्यांनी इस्पिकचा एक्का टाकला. विश्वंभरकडे इस्पिक नव्हतेच. त्याने ऐटीत बदाम सत्ती मारली. तो हात उचलणार, तोच आचार्यांनी ती पाने आपल्याकडे ओढली.

"अहो गुरुजी, तुरूप आहे!"

"असेल. पण परका आहे. ना मूळ, ना कूळ."

"ही चक्क लबाडी झाली! डावात तुरुपाचं कूळ कोण विचारतं?" विश्वंभर उसळला, आणि बोलून स्वतःच चपापला.

आचार्य खो खो हसले. मग म्हणाले, "बाळा, जाणकार सांगतात, 'तुरूप' हा शब्द डच व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आला. ते म्हणत 'त्रूफ'. तोही मूळचा त्यांचा नव्हे. फ्रेंचांच्या 'त्रियोंफ'वरून घेतलेला. फ्रेंचांना तो लॅटिनकडून मिळाला. तिथे त्याचा अर्थ विजयोत्सव. इतक्या घरचं पाणी प्यायलेला हा पाहुणा! ज्याने त्याने आपल्या जिभेला रुचेल तसा वळवला आणि घरात घेतला. आज तू त्याच्यासाठी माझ्याशी भांडलास. अरे, आपल्यात नांदला तो आपला."

विश्वंभर डाव अर्धा टाकूनच घरी आला. कुमुद ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"कुमुद, रविवारी त्या मंडळींना जेवायला बोलाव. त्यांच्याकडे कढी गोड करतात म्हणे. तशीच कर."

ती गर्रकन वळली. डोळे भरलेले, पण हसू काही आवरेना. "दादा, तुला आवडेल गोड कढी?"

"न आवडायला काय झालं? सवय करीन की!"