काळे पडलेले वाळे

दागिने आणि भांडी एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. अंबूताईंच्या नातीचं बारसं होतं, पण पेटीतून काढलेले चांदीचे दोन्ही वाळे काळे पडले होते. ताईंनी कोमट पाण्यात रिठे भिजत घातले, वाळे शेजारी ठेवले आणि त्या पाहुण्यांकडे गेल्या.

"कशाला थांबता?" तारेची घासणी वाळ्यांना म्हणाली. "मी करपलेल्या कढया लख्ख करते."

एक वाळा उतावळा होता. तो घासणीकडे गेला आणि लगेच चकाकू लागला. दुसरा रिठ्याच्या फेसात उतरला.

"नक्षीतला मळ हळूहळू सुटतो," रिठा त्याला म्हणाला. "निर्धास्त राहा, मला माझं काम येतं."

ताईंनी परत येऊन त्याला मऊ फडक्यानं टिपलं, तेव्हा त्याच्यावरची वेल पानापानानं उजळली होती. त्यांनी दोन्ही वाळे बाळाला घातले. बाळ रडू लागलं.

"हा किती खरखरीत झालाय," म्हणत ताईंनी घासलेला वाळा काढून ठेवला.

तो रिठ्याला म्हणाला, "आता मलाही तुझ्या पाण्यात घे."

"मळ असता तर नक्की काढला असता," रिठा म्हणाला. "ओरखडे मला काढता येत नाहीत."