चिन्नाबाईची वाकडी विहीर

भिवकुंडच्या जीवाश्म संग्रहालयामागे एक विहीर आहे. सरळ खाली न जाता ती मध्येच एका अंगाला वळते. वाकून पाहिलं तर पाणी दिसत नाही, नुसता त्याचा आवाज येतो. मी पाहिलं आणि दचकून आईचा हात धरला. शेजारीच उत्खननाचा खोल खड्डा होता. बाबांना त्यात उतरून डायनासोरच्या मांडीचं हाड जवळून पाहायचं होतं.

"उतरा ना साहेब, पण आपलं माणूस काठावर ठेवा," वाट दाखवायला आलेले म्हातारे लिंगाजी मडावी म्हणाले. "कायले, ते आधी आयका."

असं सांगतात, की फार पूर्वी दुष्काळात गावानं ही विहीर खणायला घेतली. चिन्नाबाईचा नवरा देवाजी तळाशी होता. त्याच्या पहारीला थोरलं हाड लागलं आणि वरची दरड कोसळली. सारा गाव काठावर धावला. जो तो देवाजीच्या नावानं ओरडू लागला. त्या गलक्यात खालून ओ आली असती, तरी कुणाला कळली नसती. चिन्नाबाई कडाडली, "गप बसा रे! मेला नाही तो, तुमीच मारान त्याले!" मग तिनं एकटीनंच हाक मारली. पुन्हा मारली. खूप वेळानं मातीखालून ओ आली म्हणे. आवाजाच्या रोखानं माती उपसली, तर हाडानं धोंडा तोलून धरलेला आणि त्याखाली देवाजी जिवंत.

बाईनं तिथंच शब्द दिला: या हाडाला पुन्हा पहार लागणार नाही. लोक चिडले. "तुहा धनी वाचला, आमची लेकरं पाण्याविना मरू द्याची काय?" तेव्हा नवराबायकोनं हाड सोडून बाजूनं खणायला घेतलं. विहीर वाकडी झाली, पण पाणी लागलं.

आजही इथं कुणी खड्ड्यात उतरलं, की काठावरून त्याचं एकच माणूस हाक मारतं. ओ येईपर्यंत बाकीचे हातातलं काम थांबवून गप्प राहतात.

"तूच हाक मार, माझा आवाज नाही निघायचा," आई मला म्हणाली. बाबा शिडी उतरून ताडपत्रीआड गेले.

"बाबा!"

खोदणाऱ्या मुलींनी ब्रश खाली ठेवले. ओ आली नाही.

"बाबा!" माझाच आवाज मला परका वाटला.

"अगं, आहे! बघू तर दे जरा!"

कुणी हसलं नाही. ब्रश पुन्हा चालू लागले. मी लगेच पुन्हा हाक मारली.