शेवाळ आणि लाकूड

"...मग चादर त्याच्या अंगावर का, बाबा?"

सोमगिरानं कावड मठातल्या कुंडाच्या पायरीवर आदळली. बावीस वर्षं तो नदीचं पाणी डोंगरावरच्या मठात वाहत होता. आणि उद्या महंतपणाची चादर मिळणार विद्यागिराला! त्याला येऊन पुरती तीन वर्षं नव्हती झाली. पण जीभ अशी, की दगडानं मान डोलवावी.

त्याचे गुरू खेमगिरबाबा कुंडातलं शेवाळ काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तो बोलतो बरं."

"आणि त्याचा घसा ओला कोण करतं?"

"तू."

सोमगिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यापरीस हे शेवाळ बरं. त्यात ना कुणी महंत, ना कुणी पाणक्या. ज्याचं त्यानं प्यावं, ज्याचं त्यानं खावं."

बाबांनी मूठभर शेवाळ तापल्या कातळावर टाकलं.

दोघं बघत राहिले... घटकाभरात त्याचा पापड झाला.

"कॉलेजातला एक मास्तर आला होता," बाबा म्हणाले. "झाडं ह्याच्याच वंशातली, म्हणाला. पाण्याबाहेर पडली अन् कामाच्या वाटण्या झाल्या. कुणी मूळ झालं, कुणी पान. कुणाच्या वाट्याला नुसतं पाणी वर चढवणं."

"माझ्यासारखं."

"हूं." बाबांनी शेजारच्या करंजाच्या खोडावर थाप मारली. "आत बारीक नळ्या असतात. जित्या असताना भरलेल्या. मेल्याबिगर पोकळ होत नाहीत, अन् पोकळ झाल्याबिगर पाणी चढत नाही. लाकूड म्हणजे सगळी मेलेली मंडळी. त्यांच्या जिवावर झाड उभं."

"म्हणजे मी मरायचं अन् त्यानं वर सळसळायचं! वा रे न्याय!"

बाबांनी पुन्हा कुंडात हात घातला.

"त्या मेलेल्यांना कळतं तरी का, आपल्या जिवावर कोण हिरवं झालं ते? सांगा. नाहीतर हा मी चाललो डोंगर उतरून."

"खांदा उघडा कर."

सोमगिरानं छाटी सारली. कावडीच्या दांड्यानं खांद्यावर लिंबाएवढा घट्टा धरला होता.

बाबांनी खाली पडलेला बाभळीचा काटा उचलला. घट्ट्यात रुतवला. चांगला अर्धा.

"दुखलं?"

सोमगिर कळ येण्याची वाट बघत राहिला...

"नाही."

"कधीपासून?"

त्यानं आठवून पाहिलं. बावीस वर्षांतलं एकही वर्ष हाती लागेना.

"मग मेलेल्यांचं मला काय विचारतोस?"