शेवंताची चांदवेल

करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेलं एक इवलंसं गाव होतं. तिथे शेवंता आपल्या आईबरोबर राहायची. बाबा देवाघरी गेलेले. घर म्हणजे एक झोपडी. पण झोपडीमागे बाग होती, आणि बाग म्हणजे शेवंताचा जीव की प्राण! गोकर्णीची निळी निळी फुलं, झेंडूचे केशरी गोंडे, अबोलीचे नाजूक झुबके. शेवंता त्यांना पाणी घाली, पानांवरची कीड वेचून काढी. मग समोर मांडी घालून बसे आणि हळद, गेरू, पानांचा रस यांचे रंग करून भिंतीवर त्यांची चित्रं काढी. अगदी शीर न् शीर!

पण त्या उन्हाळ्यात विहीर आटली. बाग करपली. त्यातच आई तापाने अंथरुणाला खिळली.

"चांदवेलीचा रस मिळाला तर ताप उतरेल, पोरी," वैद्यबुवा म्हणाले. "पण असल्या उन्हात चांदवेल आणायची कुठून?"

शेवंताच्या कुंपणावरची चांदवेलही केव्हाच वाळून गेली होती.

आपल्या वाटणीचं पेलाभर पाणी घेऊन शेवंता बागेत आली. गोकर्णीने मान टाकली होती. शेवंताचे डोळे भरून आले. "पी गं राणी," म्हणत तिने सगळं पाणी तिच्या मुळाशी ओतलं.

तोच एका मलूल फुलातून करंगळीएवढी परी बाहेर आली! पंख निळे, झुळझुळीत. केसांत परागांची सोनेरी भुकटी.

"किती तहानले होते गं मी!" परी म्हणाली. तिने शेवंताच्या तळहातावर एक शिंपला ठेवला. त्यात सात रंग लुकलुकत होते. "या रंगांनी काढलेलं रोप खरं होईल. पण तू स्वतः वाढवलेलंच रोप काढायचं. एक पान जरी खोटं काढलंस, तरी सगळं पुसून जाईल. आणि दिवस मावळला की रंग सुकतील हं!"

शेवंताने डोळे मिटले. चांदवेल आठवली. पानाच्या पाठीवरची रुपेरी लव, कोवळ्या तणाव्याचं वेटोळं, सुरवंटाने पाडलेलं भोकसुद्धा! तिने सगळं तस्संच काढलं. भिंत थरथरली आणि हिरवीगार वेल सळसळत खाली उतरली. मूठभर पानं निघाली, ती सगळी वाटून रस आईच्या ओठांत गेला.

शिंपल्यात रंग थोडेसेच उरले होते. शेवंताच्या पोटात भुकेने कावळे ओरडत होते. परसात आपणच वाढवलेल्या पपईचं चित्र काढावं, असं तिला वाटलं. पिवळीधम्मक, रसाळ पपई! तिने काडी रंगात बुडवली. इतक्यात चांदवेल मिळाल्याचं कळून शेजारच्या पारूकाकू धावत आल्या.

"शेवंते, तान्ह्याचं अंग कसं फणफणलंय बघ! चार पानं दे ना गं!"

वेलीवर आता एकही पान नव्हतं. शेवंताने मावळत्या उन्हाकडे पाहिलं, पपईचा विचार सोडला आणि म्हणाली, "थांबा काकू, आत्ता देते."

तिचा हात भरभर चालू लागला. लव, तणावा, भोक. शेवटचा किरण डोंगराआड गेला, तेव्हा पारूकाकूंच्या ओंजळीत पानं होती.

सकाळी तान्हं खुदकन हसलं. आईसुद्धा उठून बसली. "शेवंते, भूक लागलीय गं!" म्हणाली. पारूकाकूंनी गरम गरम भाकऱ्या आणल्या, आणि दोघी मायलेकी पोटभर जेवल्या.

शेवंता बागेत धावली. "परीताई, तुझे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? तू झाडांकडे इतकी वर्षं मायेने पाहिलंस ना, त्याचं हे फळ!" परी हसली. "यापुढे तुझी चित्रं भिंतीवरून उतरणार नाहीत. पण जो कुणी ती बघेल, त्याला घरी जाऊन एक रोप लावावंसं वाटेल."

ती भिरभिरत वर गेली. सारी बाग निळ्या-सोनेरी उजेडात न्हाली, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

शेवंताने मातीवर हळूच हात ठेवला. "माझ्या झाडांनो, तुम्हीच तर मला शिकवलंत," ती म्हणाली. पायाशी एक कोवळा अंकुर नुकताच डोकं वर काढत होता. शेवंता त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि टक लावून पाहू लागली.