हानूनची विहीर

फार पूर्वी एका वृद्ध संदेष्ट्याने एका समृद्ध नगराला इशारा दिला होता, "तुम्ही विधवांची शेते बळकावता, न्याय विकता. देव हे पाहतो आहे. हे नगर ओस पडेल." नगरप्रमुख हानूनने त्याला दगड मारून वेशीबाहेर घालवले. शमाया नावाच्या शिष्याने रक्तबंबाळ गुरूला कसेबसे डोंगरापलीकडे नेले, म्हणून तो वाचला.

पुढे तसेच घडले. पाऊस पडेनासा झाला, मागोमाग शत्रू आला. काही वर्षांनी गुरुशिष्य परतले, तेव्हा द्राक्षमळ्यांत काटेरी झुडपे माजली होती आणि अंगणांतून कोल्हे हिंडत होते. वृद्ध वेशीत बसला आणि एकेका घराण्याचे नाव घेऊन मोठ्याने रडू लागला.

शमाया मात्र मनातून सुखावला होता. "गुरुजी, तुमचा शब्द खरा ठरला. आता कोणी तुम्हाला वेडा म्हणणार नाही."

वृद्ध उठून थेट हानूनच्या पडक्या घरी गेला आणि बुजलेल्या विहिरीत उतरून दगड काढू लागला.

"गुरुजी, हे हानूनचं घर आहे!"

"ठाऊक आहे. हा दगड घे वर."

"ज्यानं तुमचं डोकं फोडलं, त्याची विहीर उपसायची? आणि देवानंच ओसाड केलेलं आपण सावरायचं? हा त्याच्या न्यायाचा अवमान नाही का?"

वृद्धाने घाम पुसला. "देवानं मला नुसता शब्द दिला असता, तर मीही तुझ्यासारखा खूश झालो असतो. पण त्यानं शब्दाबरोबर हे रडूही दिलं. परक्याच्या घरासाठी असं कोणी रडत नाही, शमाया. ज्यानं शिक्षा केली, त्याचंच काळीज तुटतंय. हे कळल्यावर मी नुसता बसून कसा राहू?"

शमायाने तो दगड वर घेऊन बाजूला ठेवला. मग तोही विहिरीत उतरला.

तिसऱ्या दिवशी तळाशी पाणी लागले. दुपारी काठावर एक कृश स्त्री येऊन उभी राहिली.

"मी हानूनची सून. आम्ही सात कुटुंबं वरच्या गुहांत राहतो. परवा कोणीतरी आमच्या घराण्यांची नावं घेऊन रडत होतं. वाटलं, आपलंच माणूस आलं असणार."

शमाया वर आला. त्याने हात झटकले आणि विचारले, "ताई, वर लहान मुलं किती आहेत?"

"नऊ."

"चला, त्यांना आणायला मी येतो."

विहिरीतून वृद्धाचा आवाज आला, "सावकाश आणा. तोवर पाणी निवळेल."