सायाळीने इंजिन निवडले

डोंगरमाथ्यावरच्या एका जंगलात उन्हाळा लागला की पाण्याची डबकी आटून जात, आणि मग साऱ्यांचे डोळे घाटाकडे लागत. त्या घाटातून एक सायाळ पिकअप गाडी घेऊन वर येत असे. गाडीच्या मागच्या बाजूला पाण्याची मोठी टाकी बांधलेली असे. खाली नदीवर टाकी भरायची, नऊ वळणे चढून माथ्यावर यायचे, सशांच्या बिळांजवळच्या आणि भेकरांच्या कुरणातल्या दगडी कुंड्या भरायच्या आणि पुन्हा खाली उतरायचे, अशा ती दिवसाला चार खेपा करी. बालमित्रांनो, ऐकायला हे काम सोपे वाटते. पण एखादी खेप चुकली, तर माथ्यावरची पिल्ले त्या दिवशी तहानलेलीच झोपत.

एका वर्षी चैत्र लागतो न लागतो तोच तिसऱ्या वळणावर गाडी खडखडली आणि जागच्या जागी थांबली. घाटाच्या पायथ्याशी एका घोरपडीचे गॅरेज होते. गाडी कशीबशी उतरवून तिथे नेली. घोरपडीने बोनेट उघडले, आत बराच वेळ डोके घालून पाहिले आणि हात पुसत ती म्हणाली, "पिस्टन जॅम झालेत. हिच्यात आता काही उरलं नाही. दुसरी गाडी बघ."

गॅरेजच्या मागे दोन पिकअप विक्रीला उभ्या होत्या. एक होती जुन्या घडणीच्या डिझेल इंजिनाची. तिच्यात सगळे भाग उघडेबोडके आणि ठळक दिसत. पाना आणि तारेचा तुकडा जवळ असला, की वाटेतही दुरुस्ती करता येई. दुसरी नव्या घडणीची. तिच्या इंजिनात डिझेल बारीक तुषारांसारखे फवारले जाई, त्यावर एक छोटा संगणक लक्ष ठेवी आणि काही बिघडले, तर समोरच्या काचेखाली दिवा लागे.

सायाळ गाड्या पाहायला आली, तेव्हा सल्ला द्यायला दोघे आधीच हजर होते. एक होता म्हातारा वानर. त्याने उभे आयुष्य ट्रक चालवण्यात घालवले होते.

"पोरी, डोळे झाकून जुनी घे," तो म्हणाला. "माझी गाडी ओढ्यात बुडाली होती, तरी दुसऱ्या दिवशी चालू झाली. या नवीनचा एक दिवा लागला, की बसलीस वाट बघत."

दुसरा होता मोर. तो नव्या गाडीच्या दारात स्वतःचे प्रतिबिंब न्याहाळत होता. "जुनी घेऊन घाटभर धूर सोडत फिरणार का? नवी घे. चारचौघांत शोभून दिसेल."

सायाळीने दोघांचे ऐकून घेतले. मग तिने मोराला विचारले, "टाकी भरलेली गाडी घेऊन तू कधी घाट चढला आहेस?"

"मी गाडी चालवत नाही," मोर म्हणाला. "मी बसतो."

"आणि आजोबा, तुम्ही?"

"शंभर वेळा चढलोय. पण ट्रकने. आणि तेव्हा कुणाला घाई नव्हती."

सायाळ घोरपडीकडे वळली. "मावशी, मला दोन्ही गाड्या एकेक दिवस दे. टाकी भरूनच चालवीन. रिकाम्या गाडीवरून मला काही कळायचं नाही."

घोरपड कबूल झाली. पहिल्या दिवशी सायाळीने जुनी गाडी काढली. इंजिन दमदार होते, आवाजही ओळखीचा होता. पण भरल्या टाकीनिशी पहिल्या गिअरमध्ये चढता चढता सातव्या वळणावर रेडिएटरचे पाणी उकळू लागले. गाडी सावलीत उभी करून ती थंड होण्याची वाट पाहावी लागली. संध्याकाळपर्यंत दोनच खेपा झाल्या. शिवाय काळा धूर वाऱ्याबरोबर बिळांत शिरला आणि एक सशीण पिल्लांना घेऊन खोकत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी नवी गाडी तीच टाकी घेऊन न थांबता माथ्यावर पोहोचली. चार खेपा झाल्या, आणि डिझेलही कमी लागले.

मोराला वाटले, आता ही लगेच किल्ली मागेल. पण सायाळ घोरपडीच्या समोर बसली आणि तिने विचारले, "मावशी, आता मला एवढंच सांग. ही बंद पडेल ती कशाने?"

घोरपड हसली. "सगळे विचारतात, किती पळेल. थांबेल कशाने, असं विचारणारी तू पहिलीच. ऐक तर मग. हिला घाणेरडं डिझेल चालत नाही. पाण्याचा अंश असेल, तर अजिबातच नाही. जुनी गाडी कुरकुर करत का होईना, ते गिळून टाकते. ही गिळत नाही. दिवा लागल्यावरही दामटलीस, तर डिझेल फवारणारे इंजेक्टर जातील, आणि ते बदलणारा कारागीर इथून तीन दिवसांच्या वाटेवर आहे."

सायाळीने विचार केला. डिझेलचे पिंप नदीवर पाणमांजराच्या धक्क्याला होडीतून येत असे, आणि होडीत पाणी असतेच. म्हणजे या गाडीचा शत्रू रोज तिच्या शेजारीच असणार होता. हे कळल्यावर दुसरे कोणी माघारी फिरले असते. सायाळ म्हणाली, "मग मला हे सांभाळायला शिकव. शिकले की गाडी नेईन."

सहा दिवस ती गॅरेजमध्ये येत राहिली. पिंप दिवसभर हलवायचे नाही, म्हणजे पाणी तळाशी बसते. वरचे डिझेल दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचे. फिल्टरच्या तळाशी साठलेले पाणी काढून टाकायचे आणि हातपंपाने पुन्हा डिझेल चढवायचे. घोरपड हे सगळे तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेई. पहिल्यांदा सायाळीला अर्धा तास लागला आणि तिचे काटे डिझेलने माखले. सहाव्या दिवशी तेच काम तिने सात मिनिटांत केले.

त्या दिवसांत भेकरांच्या माद्या पाडसांना घेऊन भर उन्हात नदीपर्यंत चालत होत्या. वानर तिला म्हणाला, "त्यांचे हाल बघ. जुनी घेतली असतीस, तर पहिल्याच दिवशी पाणी वर गेलं असतं."

"गेलं असतं, आजोबा," सायाळ म्हणाली. तिला ते लागले, कारण ते खरेच होते. "पण पाऊस पडेपर्यंत रोज अर्धंच गेलं असतं."

सातव्या दिवसापासून चार खेपा सुरू झाल्या. कुंड्या भरल्या, पाडसे सावलीत राहू लागली आणि वानरही कधीमधी गाडीत शेजारी बसून घाट पाहायला येऊ लागला.

वैशाखातल्या एका दुपारी सायाळ वानराला सोबत घेऊन नदीवर टाकी भरत होती, तेव्हा माथ्याच्या पश्चिमेकडे धुराचा लोट उठला. वाळलेल्या गवताला वणवा लागला होता, आणि वारा बिळांच्या दिशेने वाहत होता. बिळांत चाळीस-पन्नास पिल्ले होती. सायाळ गाडीकडे धावली आणि तिच्या लक्षात आले, की गाडीत घाट चढण्यापुरतेही डिझेल नाही. धक्क्यावर नुकतेच उतरवलेले पिंप होते. ते स्थिर व्हायला वेळ मिळालेला नव्हता.

"फडक्यातून गाळून घाल आणि चल," वानर शेजारी चढत म्हणाला.

"फडक्याने सगळं पाणी निघत नाही," सायाळ म्हणाली. तरी तिने ते डिझेल भरले, कारण दुसरे नव्हतेच. मात्र फिल्टर सोडवायचा पाना आणि पाणी काढायचा डबा तिने मागे न टाकता पायाशी ठेवले.

चार वळणे गाडी वाऱ्यासारखी चढली. पाचव्या वळणाच्या आधी काचेखालचा दिवा लागला आणि इंजिनाची ओढ कमी झाली. वर धूर दाट होत चालला होता. घाबरलेल्या भेकरांच्या हाका खालपर्यंत ऐकू येत होत्या.

"थांबू नकोस," वानर म्हणाला. "पाचच वळणं राहिलीत. दामट."

सायाळीचा पाय क्षणभर पेडलवर तसाच राहिला. तिलाही दामटावेसे वाटत होते. मग तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि चाकामागे दगड लावला. बोनेट उघडून तिने फिल्टरखाली डबा धरला, तळाचा स्क्रू सैल केला. आधी गढूळ पाणी आले, मग पाणी आणि डिझेल मिसळून आले, आणि शेवटी निखळ डिझेल आले. वानर सारखा वर धुराकडे आणि खाली तिच्या हातांकडे पाहत होता. सायाळीने स्क्रू आवळला, हातपंप कडक होईपर्यंत दाबला आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा नुसतेच फिरले. तिसऱ्या वेळी ते सुरू झाले, आणि दिवा विझला.

उरलेली वळणे ती दुसऱ्या गिअरमध्ये चढली. माथ्यावर पोहोचताच तिने टाकीतले पाणी सोडून बिळांच्या पुढचा गवताचा पट्टा भिजवत गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. वानराने ओल्या फांद्या भेकरांच्या आणि सशांच्या हाती दिल्या आणि स्वतःही ठिणग्या विझवायला पुढे झाला. आग त्या ओल्या पट्ट्यापर्यंत आली, तिथे अडली आणि तासाभरात शमली. एका सशाची मिशी तेवढी जळली. पिल्ले सगळी सुखरूप होती.

वानर काळवंडलेल्या हातांनी गाडीला टेकून उभा राहिला. "मी असतो, तर दामटली असती," तो म्हणाला. "पाचव्या वळणावरच बसलो असतो."

"मलाही दामटायचं मनात आलं होतं, आजोबा," सायाळ म्हणाली. "ती थांबते कशाने, हे माहीत होतं म्हणून थांबले."

या गोष्टीची चर्चा दूरवर झाली. मोर झाडाझाडावर बसून सांगू लागला, "नवं इंजिन घ्या, जुन्याचे दिवस संपले." ते ऐकून डोंगरापलीकडच्या माळावरून एक गवा सायाळीकडे आला. तो लांब लांबच्या कळपांना चाटायला मिठाचे खडे पोहोचवत असे.

"ताई, मलाही गाडी घ्यायची आहे," तो म्हणाला. "तुझ्यासारखी नवीच घेतो."

"आधी तुमचा रस्ता दाखवा, दादा," सायाळ म्हणाली. पहिला पाऊस पडून कुंड्या भरल्यावर ती त्याच्याबरोबर दोन दिवस पायी हिंडली. माळ सपाट होता, ओझे हलके होते, कुठे घाई नव्हती. वाटेत धुराने खोकतील अशी बिळे नव्हती. पण पाच दिवसांच्या अंतरात एकही गॅरेज नव्हते, डिझेल मिळेल तसे आणि मिळेल तिथून घ्यावे लागे, आणि गव्याच्या जाड खुरांना बारीक स्क्रू धरता येत नव्हते.

"तुम्ही जुन्या घडणीचंच इंजिन घ्या," गॅरेजकडे परतल्यावर सायाळ म्हणाली. "ते तुम्हाला वाटेत एकटं पाडणार नाही. मात्र ते तापतं कशाने आणि त्याचं तेल कधी बदलायचं, हे गाडी घेण्याआधी शिकून घ्या."

मोर हे ऐकून चकित झाला. "म्हणजे तुझी निवड चुकली म्हणायची का?"

"माझी बरोबर आहे," सायाळ म्हणाली, "आणि यांचीही बरोबर ठरेल."

गव्याने जुन्या घडणीची गाडी घेतली. त्याआधी तो आठ दिवस शिकत बसला होता. पुढच्या उन्हाळ्यात माळावरच्या एकाही कळपाला मिठाची वाट पाहावी लागली नाही.

तात्पर्य : जुने की नवे, एवढ्यावर निवड करू नये; आपले काम कोणते आणि त्या वस्तूची उणीव कोणती, हे आधी जाणून ती उणीव सांभाळायला जो शिकतो, त्याची निवड कठीण वेळी दगा देत नाही.