सासूबाईंचे अर्थिंग

विषय : कपडे धुण्याचे जुने यंत्र घरच्या घरी चालू करण्याबाबत.
संदर्भ : श्री. भालचंद्र सखाराम निवाते यांचा ग्रामपंचायतीकडील अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, एका गावात एक भोळा जावई होता. नाव भालू. सांगितलेले काम सांगितले तसेच करणे, एवढाच त्याचा दोष.

भालूचे सासरे बोटीवर नोकरीला होते. त्यांनी फार पूर्वी परदेशातून कपडे धुण्याचे एक यंत्र आणले होते. गोल पिंप, खाली तीन पाय, वर कपडे पिळायला दोन रबरी रूळ. सासरे वारले. सासूबाई मुलाकडे शहरात गेल्या. तिथे यंत्राला जागा नव्हती. थोरल्या जावयाने ते आपल्या हॉटेलात शोभेला मागितले. भालूची बायको सुनंदा म्हणाली, शोभा कसली, मी त्यात कपडे धुईन. सासूबाईंनी निवाडा केला. यंत्र सुनंदाकडे जाईल. मी बघायला येईन तेव्हा चालू दिसले तर तिचे, नाही तर थोरलीचे.

यंत्र आले. भालूने त्याला डबडे म्हटले. सुनंदाचे डोळे भरून आले.

"अहो, डबडं काय म्हणता? आईचा जीव आहे त्याच्यात. यापुढे त्याला माझी आईच समजा."

भालूने हे नीट ध्यानात ठेवले. वहिनीच्या बाळंतपणाला सुनंदा माहेरी गेली. भालू शेजारच्या गफूर मिस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, सासूबाईंना गंज चढलाय.

मिस्त्री गावातले पंप दुरुस्त करी. भालूला तो लहानपणापासून ओळखत असल्याने त्याने जास्त चौकशी केली नाही. घरी येऊन यंत्र पाहिले आणि सांगितले, सगळे भाग सुटे कर आणि रॉकेलमध्ये बुडवून ठेव. भालूने सगळे भाग बुडवले. गंज निघाला. रबरी रूळ मात्र फुगून भोपळ्यासारखे झाले.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. नवे रूळ मिळवून बसवताना त्याने बजावले, रबराला रॉकेल लावायचे नसते. रबर दिसले की ओल्या फडक्याने पुसायचे.

"असं आधी सांगायचं," भालू म्हणाला.

यंत्राच्या वायरीवर रबर होते. भालूने वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये खुपसून ठेवली होती. जुन्या वायरीला जागोजागी भेगा होत्या. त्याने ओले फडके घेतले आणि पुसायला लागला. तो थेट तुळशी वृंदावनापाशी जाऊन पडला.

मिस्त्री धावत आला. भालू शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा.

"असं आधी सांगायचं," भालू म्हणाला.

मिस्त्रीने नवी वायर जोडून दिली. भालूने मेन बंद केला आणि यंत्राचे बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. मग त्याने मिस्त्रीकडे निरोप धाडला की सासूबाई रुसल्या आहेत. मिस्त्री आला, त्याने मेन चालू केला आणि यंत्र घरघरू लागले. भालूने भक्तिभावाने वाकून यंत्राच्या पायांना हात लावला आणि झटका खाल्ला.

"अंगात करंट उतरतोय," मिस्त्री म्हणाला. "अर्थिंग पाहिजे. अंगणात खोल खड्डा खण. मीठ, कोळसा घाल. व्यवस्थित पुरून टाक आणि रोज पाणी घालत जा."

पुरायची ती तांब्याची पट्टी, हे मिस्त्रीने सांगितले नाही. ते जगात सगळ्यांना ठाऊक असते, असा त्याचा समज होता.

भालूने खड्डा खणला. खणताना पंचायतीची नळाची लाइन फुटली. ग्रामसेवक आले. लाइन जोडून झाल्यावर त्यांनी तंबी दिली की यापुढे आधी अर्ज, मग कुदळ. भालूने हेही ध्यानात ठेवले. मग खड्ड्यात मीठ घातले, कोळसा घातला, यंत्र उतरवले आणि वर माती लोटली. रोज तो कळशीभर पाणी घालू लागला.

सासूबाई रविवारी येणार होत्या. सुनंदा तयारीसाठी आधीच परतली.

"मशीन कुठाय?"

"अर्थिंगला दिलंय."

सुनंदाने ढिगारा पाहिला. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "उकरा आधी."

"तसं कसं उकरणार? अर्ज करावा लागतो."

सुनंदाने कुदळ उचलली, तेव्हा भालू ढिगाऱ्यावर जाऊन बसला. कायदा म्हणजे कायदा. तिथेच बसून त्याने अर्ज लिहिला. तो असा :

"माझ्या सासूबाईंना मी अंगणात पुरले आहे. मीठ घातले आहे. रोज पाणीही घालतो. येत्या रविवारी त्या स्वतः येणार असल्याने तत्पूर्वी त्यांना बाहेर काढण्यास परवानगी मिळावी, ही विनंती."

ग्रामसेवकांनी अर्ज दोनदा वाचला आणि पोलीस चौकीकडे पाठवला. हवालदार आले. त्यांनी ढिगाऱ्याभोवती दोरी बांधली आणि चौकशी होईपर्यंत कोणी मातीला हात लावायचा नाही असे बजावले.

रविवारी सासूबाई एसटीतून उतरल्या. मागोमाग थोरल्या जावयाचा टेम्पो आला. हवालदारांनी त्यांना सगळा प्रकार सांगितला. सासूबाई म्हणाल्या, मी ही अशी धडधडीत तुमच्यापुढे उभी आहे.

"ते दिसतंय, मावशी," हवालदार म्हणाले. "पण अर्जात तुम्ही आत आहात."

सासूबाईंनी भालूकडे पाहिले.

"जावईबापू, मशीन चालू होतं का?"

"हो. पुरलं तेव्हा अगदी चांगलं चाललं होतं."

चालू दिसले नाही, म्हणून यंत्र सुनंदाचे झाले नाही. उकरता येत नव्हते, म्हणून थोरलीचेही झाले नाही. टेम्पो रिकामा परत गेला.

'सासूबाई नेमक्या आत की बाहेर, याचा अर्जदाराने खुलासा करावा' असा शेरा मारून अर्ज परत आला. भालूने खुलासा केला : 'दोन्हीकडे.'

सुनंदा कपडे हातानेच धुते. धुण्याचे पाणी भालू दोरीबाहेर उभा राहून ढिगाऱ्यावर घालतो. अर्ज प्रलंबित आहे.